दोन गुंठे रान आणि अर्धा किलो मैदा

जानेवारी २०२५ मध्ये मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या स्टोअरमधली २९ वर्षांची नोकरी सोडली. वय ५४. घरात बसून दिवसभर टीव्ही बघणारा माणूस आईला आणि बायकोला, दोघींनाही नको होता. पहिल्याच आठवड्यात तसं कळवण्यात आलं. मग दोन गोष्टी ठरवल्या. उन्हाळाभर कुणाचं तरी थोडं रान घेऊन भाजी करायची, आणि २०१९ पासून कपाटावर धूळ खात बसलेला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, पाव भाजायला खाली काढायचा. आता जून लागलाय. रंकाळ्यावर सकाळी भेटणारे दोघं-तिघं विचारतात, 'कसं जमवलंत, आम्हालाही करायचंय.' चालता चालता सगळं सांगून होत नाही, म्हणून तारखा आणि पैशांसकट लिहून काढतोय. वहीत सगळं टिपलेलं आहे. स्टोअरकीपरची खोड, जात नाही.

पहिली अडचण जमिनीची. शेतजमीन विकत घ्यायची तर शेतकरी असावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला ती खंडानं घेणंही कायद्यात बसत नाही, हे ओळखीच्या वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं. "तुझं कुठं नाव आहे का सातबाऱ्यावर?" त्यांनी विचारलं. होतं. भुदरगडातल्या आजोबांच्या २५ गुंठ्यांवर चुलते, आत्या, चुलतभाऊ धरून १४ नावं, त्यात सातवं माझं. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो. तो काढला, छापला, फायलीला लावला. पुढं कुणी पाहिला नाही. पण रात्री झोप लागावी म्हणून १५ रुपये जास्त नाहीत.

रान मिळालं शिवाजी पुलापलीकडं, आंबेवाडी-चिखलीच्या अंगाला. आमच्या शुक्रवार पेठेतून साडेपाच किलोमीटर. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. उसाच्या कडेला त्यांचा दोन गुंठ्यांचा तुकडा मोकळा पडला होता, म्हणजे साधारण २,१७८ चौरस फूट. मी मोठ्या उत्साहानं करारपत्राचा मसुदा काढला. अण्णांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"कागुद नको साहेब. आमच्या चुलत्याची अडीच एकर कागदानंच गेली."

१ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं, आणि त्या आठवणीनं आमच्या भागातले शेतकरी अजून लेखी काही द्यायला बिचकतात. त्यांचंही बरोबर आणि कुळांचंही बरोबर, त्यात मी पडलो नाही. वकिलांनी सुचवलं, कसणारे अण्णाच राहू देत, पीकपाहणीला त्यांचंच नाव लागू दे, तू त्यांच्या रानात भाजी लावतोस आणि पैसे देतोस एवढंच धर. माझ्या वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहिल्या, ५ फेब्रुवारी ते ३१ मे, पाण्यासकट ४,००० रुपये. खाली दोघांच्या सह्या. मेअखेरची अट अण्णांची होती. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की हे रान पाण्याखाली जातं. ऊस तग धरतो, बाकी काही नाही.

मातीचा नमुना मी नांगरटीआधीच घेतला. ज्यांना हे करायचंय त्यांनी एवढं तरी करावं. वर पडलेला पाला बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरडायची. अशा सात-आठ जागांची माती एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, परत तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. मी नेमकी बांधाजवळची घेतली होती, कारण तिथं सावली होती. अण्णांनी पिशवी ओतून टाकायला लावली. अहवाल यायला १२ दिवस गेले. सामू (पीएच) ७.८, सेंद्रिय कर्ब मध्यम. म्हणजे शेणखत घाला, जे अण्णांनी अहवालाशिवायच सांगितलं होतं.

रोटर मारून घेतला ६०० रुपयांत, शेणखताची अर्धी ट्रॉली १,५०० ला. १२ फेब्रुवारीला रोपवाटिकेतून टोमॅटोची ६० आणि मिरचीची ४० रोपं आणली, दीड रुपयाला एक. मेथी, पोकळा, कोथिंबीर वाफ्यांत पेरली, बांधाकडेला दोडक्याचे चार वेल. कोथिंबिरीचे धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करून पेरतात हे मला माहीत नव्हतं. पहिला वाफा तसाच अख्ख्या धण्यांचा गेला आणि तुरळकच उगवला.

भाजीपेक्षा मला पाण्यानं जास्त शिकवलं. आमच्या रानाला पाणीपुरवठा संस्थेच्या मोटरीचं पाणी, पाळी मंगळवार आणि शनिवार, आणि वीज असेल त्या वेळेला. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या आठवड्यातली पाळी रात्री साडेअकराला आली. दारं धरायचं म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलं होतं: एका सरीचं तोंड फोडायचं, भरली की बुजवायचं, पुढचं फोडायचं. बॅटरी तोंडात धरून, हातात फावडं घेऊन मी पहिल्या सरीशी उभा. पाणी पाटातून आलं, सरीत वळलं, आणि अर्ध्यात येऊन थांबलं. मागून येतंय, पुढं जात नाही. पाच मिनिटं मी नुसता बघत राहिलो. शेवटी वाकून बॅटरी खाली नेली तर सरीच्या कुशीत मुठीएवढं भोक, कडेला चिकणमातीच्या गोळ्या ओळीनं रचलेल्या, आणि सगळं पाणी गुळगुळ आवाज करत आत चाललेलं. खेकड्याचं बीळ. ते पाणी बांधाखालून शेजारच्या उसात निघत होतं. ऊस फुकटात भिजत होता आणि माझे टोमॅटो कोरडे. गवताचा बोळा कोंबून वर पायानं चिखल दाबला. रात्री दोनला घरी पोचलो तेव्हा कोपरापर्यंत चिखल. आई जागी होती. ती म्हणाली, "नोकरीत निदान रात्री घरी होतास."

फावड्यासोबत एक गवताची पेंढी जवळ ठेवा. दुसरं काही नाही, तेवढंच.

शिवरात्र सरली आणि ऊन तापायला लागलं. पोकळा ५ मार्चला काढला, तीन आठवड्यांत. बाजारातून आणलेला आणि हा यात काय फरक, असं विचाराल तर चवीत फारसा नाही. पण निवडताना बायकोनं एकही काडी टाकली नाही. होळीच्या सुमाराला मावा आणि पांढरी माशी आली. शेजारच्या रानातल्या आक्का लांबूनच म्हणाल्या, "निंबोळीचं मारा की, बघत काय बसलाईसा?" ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यानं गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि संध्याकाळी फवारायचं. उन्हात फवारलं तर गुण जातो. पिवळे चिकट सापळे सहा लावले. त्यांना माझी टोपी दोनदा चिकटली.

आता पावाकडं वळतो, कारण मार्चमध्ये दिवसाचे दोन तुकडे झाले होते. सकाळी सहा ते साडेनऊ रान, मग दुपार घरात. ऊन असं की बाहेर पडायची सोय नाही. ओटीजी पुसला, आणि पहिला पाव केला तो अख्ख्या खपली गव्हाचा. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातली खपली, घरची लापशी त्याचीच, म्हणून अभिमानानं. तीन तास ठेवून दोन इंचसुद्धा वर आला नाही. भाजून बाहेर काढला तर सुरी जाईना. आईनं हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाली, "वरवंटा फुटलाय आपला, राहू दे."

चूक खपलीची नव्हती. पाव फुगतो तो पिठातल्या ग्लुटेनच्या चिवट जाळ्यात यीस्टचा वायू कोंडून राहतो म्हणून, आणि खपलीचं जाळं कमकुवत असतं. लापशीला उत्तम, एकट्यानं पाव उचलायला नाही. चार प्रयोगांनंतर ७० भाग मैदा आणि ३० भाग खपलीवर स्थिरावलो. पाव हलका झाला, वासही राहिला.

दुसरी गोष्ट कळायला मला जास्त वेळ लागला. व्हिडिओत सांगतात, कणीक दीड तास झाकून ठेवा. ते सांगणारे कुठल्या हवेत राहतात कोण जाणे. मार्चअखेरीला आमच्या स्वयंपाकघरात दुपारी ३६ अंश. चाळीस मिनिटांत कणीक भांड्याबाहेर, तासाभरात तिला ताडीसारखा आंबूस वास, आणि ओव्हनमध्ये गेली की मध्ये खचायची. आठवडाभर मी यीस्ट बदलत बसलो, तिसरी पुडी फोडली, दुकानदाराला बोललो. मग उपाय सापडला तो साधा होता: पाणी माठातलं घ्यायचं, कधी त्यात बर्फाचे दोन खडे, यीस्ट निम्मं करायचं, ५०० ग्रॅम पिठाला तीन ग्रॅमच्या वर नाही, आणि मळून रात्री फ्रिजमध्ये. सकाळी रानातून आलो की बाहेर काढायची. घड्याळ बघायचं नाही, कणीक बघायची. हे मला नंतर एका चाचांनी बोट दाबून शिकवलं, त्यांच्याकडं येतोच.

ओटीजीच्या काट्यावरही विश्वास ठेवू नका. ३५० रुपयांचा लहान थर्मामीटर आत टांगला तेव्हा कळलं, काटा २०० दाखवतो तेव्हा आत १७५ असतं, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की त्याहून कमी.

३० मार्चला पाडवा झाला. गुढीला कडुलिंबाची डहाळी रानाच्या बांधावरची होती, एवढाच त्या दिवशीचा शेतीशी संबंध. टोमॅटोला फुलं भरपूर, बांबू रोवून सुतळीनं बांधून घेतलेले, खालच्या झुपक्यांत हिरवी फळं. वहीतल्या वेळापत्रकाप्रमाणं १५ एप्रिलला पहिली तोडणी. पण पाडव्यानंतरच्या त्याच आठवड्यात आभाळ यायला लागलं. सकाळपासून उकाडा, अंगाला चिकचिक, आणि दुपारी वायव्येला जोतिबाच्या डोंगरामागं निळंकाळं साचलेलं.

त्या दिवशी चारला मी पाव ओव्हनमध्ये घातला होता. ३५ मिनिटांचं काम, १८ मिनिटं झालेली, वरचा पापुद्रा नुकताच सोनेरी होत होता. खिडक्या धडाधड आपटल्या, गल्लीतला पत्रा कुठंतरी वाजला, आणि वीज गेली. ओव्हनचा दिवा विझला. त्याच मिनिटाला अण्णांचा फोन.

"साहेब, तुमचं बांबू आडवं झालं बगा. गारा पडालत्यात. आत्ता येऊ नगा, इजा लई हाईत."

मी ऐकलं नाही, गाडीला किक मारली आणि गंगावेशीपर्यंत पोचलो. तिथं एका दुकानाच्या वळचणीला उभा राहिलो तेव्हा मोबाइलवर दामिनीचा इशारा आला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं केलेलं हे अ‍ॅप आसपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. मुलानं पाडव्यालाच मोबाइलमध्ये टाकून दिलं होतं, म्हटलं कशाला. आता सांगतो, टाका. उघड्या रानात बांबू धरून उभा राहणारा माणूस विजेला हवाच असतो. सव्वा तास त्या वळचणीला थांबलो.

रानात पोचलो तेव्हा पाऊस ओसरलेला. हरभऱ्याएवढ्या गारा वाफ्यांच्या कडेला अजून न विरघळलेल्या. ६० पैकी २२ टोमॅटो बांबूसकट झोपलेले, काहींचे शेंडे मोडलेले, दोडक्याच्या पानांची चाळण. हिरव्या फळांवर गारेचे पांढरट डाग, बोटानं चाचपलं तर खळगा लागायचा. मिरची मात्र उभी, जणू काही झालंच नाही. अण्णा आले, एक बांबू उपटून त्यांनी दाखवला. मी सगळे वीतभरच रोवले होते.

"हातभर जायला पायजे. वळीव सांगून येतोय व्हय?"

वळवाचं एक आहे, तो येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कुठल्या दिवशी, कुठल्या शिवारात आणि गारांसकट की नुसताच, हे नाही. पुलाच्या अलीकडं पेठेत त्या दिवशी रस्ता जेमतेम ओला झाला होता.

घरी आलो साडेसातला. वीज नुकतीच आलेली. बायकोनं शहाणपणानं ओव्हनचं दार उघडलं नव्हतं, पण पाव मध्ये कच्चाच राहिला होता, कडेनं वाळलेला. फेकवेना. अर्ध्या इंचाच्या चकत्या कापल्या, तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकल्या, तूप आणि कांदा-लसूण चटणी लावून खाल्ल्या. चांगल्या लागल्या, हे कबूल करतो. तेव्हापासून दुपारी आभाळ दिसलं की कणीक फ्रिजमध्येच राहू देतो.

पुढचे तीन दिवस नुसतं बांधणं. मोडलेले शेंडे काढले, मातीला लागणारी खालची पानं खुडली, कारण ओलीनं करपा तिथूनच चढतो. रोपं सावरली. पण एप्रिलमध्ये ऊन परत ३८ च्या पुढं गेलं तशी नवी फुलं गळायला लागली. फार उष्म्यात टोमॅटोचं फळ धरत नाही, त्याला इलाज नाही. आणि वाढलेली फळं तडकायला लागली, आठवडाभर कोरडं आणि मग एकदम पाऊस मिळाला की साल फाटते. जोतिबाची यात्रा १२ एप्रिलला होती. पुलावरून गुलाल घेतलेली माणसं, सासनकाठ्या, 'चांगभलं'चा गजर, आणि मी दुसऱ्या बाजूनं तडकलेल्या टोमॅटोची पाटी घेऊन घरी.

तडकलेले टोमॅटो कुणाला देता येत नाहीत. दोन दिवसांत पाणी सुटतं. म्हणून ते पावात गेले. पहिल्यांदा तसेच चिरून कणकेत घातले तर कणकेचा चिखल झाला. मग मीठ लावून अर्धा तास चाळणीत निथळत ठेवले, आणि १२० अंशावर तीन तास मंद भाजले, सुकत आलेल्या जर्दाळूसारखे होईपर्यंत. हे लसूण आणि थोड्या मिरचीसह पावात घातले. आमच्या वाड्यातल्या सात घरांपैकी चौघांनी परत मागितला. इथून विकण्याचा विषय निघाला. माझ्या नाही, बायकोच्या डोक्यातून.

तेवढ्यात ओटीजीची वरची कॉइल गेली. दुरुस्तीला आठ दिवस. मला आठवलं, लहानपणी मे महिन्यात आणि दिवाळीत आई डबाभर नानकटाईचं पीठ घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायची, आणि आम्ही पत्र्याच्या ट्रेवर गोळे थापायला सोबत. ती बेकरी अजून आहे, लाकडाच्या भट्टीची. चाचांना विचारलं. "सकाळचा पाव निघाला की आणा, दहाच्या आत. किलोला ४० रुपये." भट्टी तेव्हा उतरत असते, आच मऊ. ते दारातून आत हात घालत, मनाशी काहीतरी मोजत आणि हात बाहेर काढत. "आजून थांबा." माझ्या कणकेत त्यांनी पिठाचं बोट रोवलं. खळगा झटकन भरला की अजून वेळ आहे, सावकाश भरत आला की घाला, तसाच राहिला की झोपली, परत मळा. दीड महिना व्हिडिओ बघून जे कळलं नाही ते या एका बोटानं कळलं. गूळ-नाचणीची बिस्किटंही तिथंच जमली. घरी ती पसरायची. चाचांनी लोणी-गुळाचं पीठ थंड करून मग थापायला सांगितलं. गूळ मात्र चाळून घ्या. मार्केट यार्डातून पाच किलोची ढेप आणली होती, किसून चाळल्यावर चमचाभर बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, तूस निघाले.

आता कागदपत्रं. घरून खायचा पदार्थ विकायचा, चार पाव का असेनात, तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. २०२५ मध्ये वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर परवाना नाही, नुसती नोंदणी पुरत होती. फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती, एकदम पाच वर्षांची भरता येत होती. मी एकाच वर्षाची भरली, पुढच्या साली पाव करीन की नाही काय सांगावं. एका एजंटानं याच कामाचे १,८०० सांगितले होते. फॉस्कॉस नावाच्या संकेतस्थळावर स्वतः भरलं, चहासकट एक तास लागला. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, आणि काय करणार त्याचा वर्ग. बेकरीचे पदार्थ सातव्या वर्गात येतात. पुढं अर्ज अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडं जातो.

२२ एप्रिलला भरला. २८ ला शंका लावून परत आला. चूक माझी होती: पत्त्यासाठी जोडलेलं वीजबिल अजून वडिलांच्या नावावर, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि अर्ज माझ्या नावाचा. महावितरणकडं नाव बदलायचं म्हणजे ते वेगळं पुराण. त्याऐवजी आईच्या नावची घरफाळ्याची पावती आणि आईचं साध्या कागदावरचं संमतीपत्र जोडलं. आईनं सही करताना दोनदा विचारलं, "घर नावावर करून घेत नाहीस ना?" २ मेला परत पाठवलं. शंकेचं उत्तर द्यायला ३० दिवस असतात, पण रोज एकदा उघडून बघा. मेसेज येतोच असं नाही. १३ मेला, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, १४ आकडी क्रमांकासह प्रमाणपत्र आलं. घर बघायला कुणी आलं नाही. येऊ शकतात, म्हणून मी ओट्याच्या फरशा आधीच घासून ठेवल्या होत्या. तेवढाच फायदा.

पुढचं सोपं. पाकिटावरच्या चिठ्ठीवर तो क्रमांक, हिरवा ठिपका, घटक, वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवा, आणि गहू-दूध-काजू आहेत याची सूचना. पहिल्या आठवड्यात पाच पाव गेले, ७० रुपयांना एक. दुसऱ्या आठवड्यात तीनच. एकीनं सांगितलं, मीठ कमी आहे. होतं.

मे महिन्यात हवेनं सगळ्यांचीच वही फाडली. २० तारखेपासून पाऊस लागला तो वळवासारखा तासभर येऊन जाणारा नव्हता, बसलेला होता. मेथीचा शेवटचा वाफा पिवळा पडून बसला. सरीत पाणी उभं. आक्कांनी भुईमूग घाईनं उपटायला घेतला होता, शेंगा वाळवायला ऊन नाही म्हणून घरात पंख्याखाली. मोसमी वारे २५ मेला देवगडपर्यंत आणि २६ ला मुंबईत पोचले. एरवी मुंबईची तारीख ११ जून. माझा करार ३१ मेपर्यंतचा, पण २५ च्या रविवारी पावसातच जाऊन सगळं खुडलं. हिरवे टोमॅटो ११ किलो, मिरची चार, दोडके सात. हिरव्यातले पूर्ण वाढलेले वर्तमानपत्रात गुंडाळून एका पिकल्या केळ्यासोबत खोक्यात ठेवले, आठवड्यात रंगावर आले. बाकीच्यांची तीळ घालून चटणी.

हिशेब: रानाचे ४,०००, मशागत आणि खत २,१००, रोपं-बियाणं ५००, बांबू-सुतळी ९००, सापळे वगैरे २००, पेट्रोल अंदाजे १,८००. म्हणजे ९,५००. आलेली भाजी बाजारभावानं ६,००० च्या वर जात नाही, मी उदार मनानं धरूनसुद्धा. कपिलतीर्थ मंडईत पिशवी घेऊन गेलो असतो तर स्वस्त पडलं असतं. बायकोनं ही बेरीज बघितली, वही मिटली आणि काही बोलली नाही.

२८ तारखेला बांबू, फावडं आणि खुरपं परत द्यायला अण्णांकडं गेलो. सोबत टोमॅटोचा एक पाव. पाऊस पडतच होता. सोप्यात बसलो, वहिनींनी चहा आणला. पुढच्या साली वरच्या अंगाचं रान घ्या म्हणाले, तिकडं पाणी उशिरा चढतं. फाळा मात्र ५,०००. पावाचा जाड तुकडा त्यांनी मोडला, वास घेतला, आणि कपात पूर्ण बुडवून धरला. वर काढला तर कपात तळाला दोन थेंब.

"च्या सगळा ह्योच प्याला की," म्हणाले, आणि आत बघून हाक मारली, "आजून एक कप आण गं."